विकतचा पॅटर्न की स्वतःचा फर्मा?

कुर्ते, टॉप, शर्ट, पँट असे रोजचे कपडे घरीच शिवायचे ठरवले की कोणते यंत्र घ्यावे यापेक्षा कशावरून बेतावे हा प्रश्न जास्त सतावतो. वाटा मुख्यतः दोन. इंटरनेटवरून पीडीएफ पॅटर्न विकत घेऊन, छापून त्यावर बेतायचे, किंवा शिवणक्लासात शिकवतात तसा आपल्या मापांवरून खाकी कागदावर ड्राफ्ट काढून स्वतःचा फर्मा, म्हणजे बेतण्याचा कायमचा साचा, करायचा. अंगात नीट बसणारा जुना कुर्ता कागदावर उतरवणे ही तिसरी वाट आहे. पण त्यात टक (कापडाला आकार देणाऱ्या टोकदार शिवलेल्या घड्या) नेमके उतरत नाहीत आणि वापरून ताणलेला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेभोवतीचा गोलावा, ताणलेलाच उतरतो. घाईच्या वेळी ती चालते, कायमची नाही.

पीडीएफच्या छपाईला लोक उगाच घाबरतात. प्रिंटरमध्ये ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडायचे. ‘फिट टू पेज’ तसेच राहिले आणि छपाई ९५ टक्क्यांवर आली, तर ४० इंचांचा घेर ३८ होतो आणि ते कापड कापल्यावरच कळते. म्हणून आधी एकच पान काढून त्यावरचा चाचणीचा चौकोन उभा आणि आडवा दोन्हीकडून मोजावा. तीसेक ए-फोर पाने चिकटवत बसणे नको असेल तर बऱ्याच पॅटर्नसोबत ए-झीरो फाइलही मिळते. बांधकामाचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ती ८४ सेंटीमीटर रुंदीच्या सलग कागदावर छापून देतात.

माझा निर्णय ठरला तो दुरुस्त्यांवर. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे पॅटर्न साधारणपणे बी कप धरून काढलेले असतात, म्हणजे काखेतून घेतलेली वरची छाती आणि पूर्ण छाती यांत सुमारे २ इंचांचा फरक. समजा, वरची छाती ३४ आणि पूर्ण छाती ३८ आहे. सरळ ३८ चा पॅटर्न घेतला तर छातीला बसतो, पण खांदा दंडावर उतरतो आणि मुंढ्यापाशी पुढे चुण्या पडतात. योग्य रीत अशी, की ३६ चा पॅटर्न घ्यायचा आणि उरलेले २ इंच फक्त पुढच्या भागात वाढवायचे. कागदावर पुढचा भाग अर्धा असतो, म्हणून तिथे १ इंच. खालच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत आणि तिथून मुंढ्याच्या शिवणीपर्यंत कागद कापायचा, मुंढ्यापाशी बिजागरीसारखा जेमतेम जोडलेला ठेवायचा. दुसरा काप बाजूच्या शिवणीपासून छातीच्या टोकापर्यंत. मग १ इंच उघडायचे. बाजूला टक आपोआप तयार होतो. त्याचे टोक छातीच्या टोकाच्या इंचभर अलीकडे थांबवायचे. मधला तुकडा आता आखूड पडतो, तो खाली वाढवून घ्यायचा. कंबरही इंचभर रुंद झालेली असते, ती नको असल्यास बाजूने कमी करायची. खांदा अर्धा इंच आत घेतला तर मुंढ्याची रेषा बदलते, म्हणून बाहीचा माथा, म्हणजे मुंढ्याला जोडायची तिची वरची गोल कड, पुन्हा मोजावा लागतो. साध्या सुती कुर्त्यात माथा मुंढ्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त पुरतो. त्याहून बराच जास्त झाला की खांद्यावर चुण्या राहतात.

एवढ्याने एक पॅटर्न अंगासारखा होतो. पुढचा पॅटर्न आणला की तीच कापाकापी पहिल्यापासून. शिवाय प्रत्येकाचा सैलपणा वेगळा, शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड, तीही वेगळी. अमेरिकन पॅटर्नमध्ये बहुधा पाच-अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटीमीटर धरलेली असते, ताणणाऱ्या कापडाच्या पॅटर्नमध्ये पुष्कळदा त्याहून कमी, तर बुर्डा या जर्मन शिवणमासिकाच्या तक्त्यांवर ती धरलेलीच नसते, आपण सोडायची असते. वर्षातून दोनच कपडे शिवणाऱ्याला हे जड जाणार नाही. कपाटातले सगळेच घरी शिवायचे असेल तर मात्र प्रत्येक पॅटर्नला तीच दुरुस्ती करणे मला तरी फार खटकते.

स्वतःच्या फर्म्यात हे काम एकदाच होते. मापांवरून ड्राफ्ट काढायचा, मांजरपाटावर (स्वस्त, जाडसर सुती कापडावर) बेतून कच्च्या शिवणीने जोडायचा, अंगावर टाचण्या लावून खुणा करायच्या आणि त्या कागदावर उतरवायच्या. दुसऱ्या मांजरपाटात बसला की शिवणीची माया न धरता पुठ्ठ्यावर फर्मा कापून ठेवायचा, त्यावर तारीख आणि मापे लिहायची. पुढे गळा बदला, टक बाजूचा खांद्यात न्या, योक (खांद्यापाशी वेगळा जोडलेला तुकडा) काढा, ए-लाइन करा, खांदा आणि मुंढा बसलेलाच राहतो.

मात्र क्लासमधली सूत्रे डोळे मिटून वापरू नयेत. मुंढ्याची खोली ‘छातीचा चौथा भाग वजा दीड’ अशी काढतात, किंवा ‘छातीचा आठवा भाग अधिक तीन’. ३६ छातीला दोन्हींचे उत्तर साडेसात येते, त्यामुळे वर्गात फरक जाणवत नाही. ४४ ला पहिले सूत्र साडेनऊ देते, दुसरे साडेआठ. साडेनऊचा मुंढा इतका खोल जातो, की हात वर केला की सगळा कुर्ता वर चढतो. मुंढा खोल असला की हात मोकळा राहतो हा समज उलटा आहे. काखेजवळचा मुंढाच हाताला मोकळे सोडतो. मोठ्या मापाला मी दुसऱ्या सूत्राच्या बाजूने कौल देईन, तरी मांजरपाटावर पाहूनच.

कापडाच्या पन्ह्यातही (रुंदीतही) फर्म्याचा फायदा दिसतो. विदेशी पॅटर्नवरची मांडणी ४५ आणि ६० इंची पन्ह्याची असते. आपले सुती छापील कापड बहुधा ४४ चे, हातमागाचे पुष्कळदा ३६ चे, खण तर त्याहून अरुंद. घेराचा तुकडा पन्ह्यात मावला नाही की पॅटर्नने सांगितलेले मीटर कामाचे नसतात. आपल्या कळीदार कुर्त्याची बेतणी अरुंद पन्ह्याला धरूनच आहे. मधला भाग सरळ, घेर कळ्यांनी (बाजूला जोडलेल्या तिरक्या तुकड्यांनी), काखेत चौबगला (छोटा चौकोनी तुकडा), आणि कापड जवळजवळ वाया जात नाही. फर्मा हाताशी असला की त्यातून कळी वेगळी काढणे सोपे. कापड कोणतेही असो, बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावे. ४४ इंच उंचीचा कुर्ता ४ टक्के आटला तर पावणेदोन इंच आखूड होतो.

माया आपल्या मनाने सोडता येते, हेही थोडे नाही. गळ्याला पाव इंच, खांद्याला अर्धा, बाजूंना दीड. बाजूची अर्धा इंच कायम ठेवून कुर्ता पुढे ४ इंचांपर्यंत उसवून वाढवता येतो. तेवढीच माया बाहीलाही सोडावी, नाहीतर वाढवताना बाही कमी पडते.

तरीही विकतचा पॅटर्न जिंकतो अशा जागा आहेत. स्टँड असलेली कॉलर, कफाची पट्टी, पँटचा आसनाचा बाक आणि चेनची पट्टी यांत जुळणाऱ्या तुकड्यांच्या खुणा नेमक्या असाव्या लागतात, आणि चांगल्या पॅटर्नमध्ये त्या असतात. पँटचा पहिला ड्राफ्ट घरी काढायला मी कुणाला सुचवणार नाही. ताणणाऱ्या कापडाचा टी-शर्टही त्यातच धरावा, कारण तिथे सैलपणा उणे, म्हणजे कपडा अंगाच्या मापापेक्षा लहान, असू शकतो आणि क्लासमधली सूत्रे चालत नाहीत. मधली सोय हवी असेल तर फ्रीसोइंग (FreeSewing) या मोफत संकेतस्थळावर आपली मापे भरून पॅटर्न तयार होतो. मापे मात्र दुसऱ्याकडून घ्यावीत. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही.

शर्टचा पॅटर्न विकत घेतलात तर कापण्याआधी आपला फर्मा त्यावर ठेवा. पुढची मध्यरेषा आणि खांद्याचे गळ्याकडचे टोक जुळवा. खांदा, मुंढा आणि छाती कुठे वेगळी पडते ते लगेच दिसते, आणि शिवणीची माया व सैलपणा वजा करून तेवढेच बदलायचे. गळ्याची रेषा तशीच ठेवा, नाहीतर कॉलर बसणार नाही.