पपी आणि किटन एकाच घरात: एकच फूड, वेगळं फूड की घरचं खाणं?

पपी आणि मांजराचं पिल्लू एकदमच घरी आणायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, की दोघं लहानच आहेत, खातात पण जरासंच, मग एकाच पाकिटावर भागेल ना? नाही भागत. आणि एका बाजूने तर अजिबातच नाही.

पपीने किटनचं खाल्लं तर काय होतं ते आधी बघू. एखाद्या दिवशी तोंड मारलं तर काही बिघडत नाही, पण रोजचं झालं तर त्यात फॅट आणि प्रोटीन जास्त असल्यामुळे शी पातळ होते, वजन वाढतं, काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणजे त्रास होतो पण तो लगेच दिसतो आणि तुम्ही थांबवू शकता. उलट बाजू मात्र फसवी आहे. किटन डॉग फूडवर महिनोन्महिने छान खेळतं, पोट भरलेलं असतं, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि आत टॉरिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी पडत असतं. कुत्र्याचं शरीर टॉरिन बहुतेक स्वतः तयार करतं, मांजराला ते जमत नाही, मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. कमतरता राहिली की हृदयाचे स्नायू कमजोर होतात आणि डोळ्यांचा पडदा खराब होतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी मांजरांच्या हृदयविकाराचा टॉरिनशी संबंध दाखवला, त्यानंतर कॅट फूडमध्ये ते वाढवलं गेलं. हृदय वेळेत कळलं तर बरंचसं सुधारतं, गेलेली नजर परत येत नाही. शिवाय गाजर-भोपळ्यातून व्हिटॅमिन ए बनवणं कुत्र्याला जमतं, मांजराला नाही. प्रोटीनचं बघा, पाळीव प्राण्यांच्या फूडचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांत पाण्याचा अंश वगळून पपीला किमान २२.५ टक्के लागतं आणि किटनला ३०.

म्हणून माझं स्पष्ट मत: बजेट कमी असेल तर काटकसर पपीच्या बाऊलमध्ये करा, किटनच्या नाही. पपीला साधं पण 'कम्प्लीट' लिहिलेलं पपी फूड पुरतं, महागडे पाउच नसले तरी चालतं. किटनचं पाकीट मात्र वेगळं आणि किटनचंच हवं. पाउच घेताना नीट वाचा, कारण बरेचसे क्रीमवाले प्रकार नुसते खाऊ असतात, पूर्ण जेवण नसतात.

आता घरच्या खाण्याचं. आपल्याकडे दूध-पोळीवर कुत्री वाढवायची सवय जुनी आहे, पण वाढत्या पिल्लाला त्यातून पुरेसं प्रोटीन मिळत नाही आणि दुधाने अनेकांना जुलाब होतात, मांजराच्या पिल्लांनाही होतात, मांजर म्हणजे दूध हे डोक्यातून काढाच. पपीला उकडलेलं चिकन, अंडं, थोडा भात, लाल भोपळा हे वरून द्यायला उत्तम, दिवसाच्या खाण्याच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून प्रमाण लिहून घ्या आणि ते पाळा, कारण कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल अंदाजाने साधत नाही. आणि एक, लॅब किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू चांगल्या पपी फूडवर असताना हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमचं सिरप देतात ना, ते व्हेटने सांगितल्याशिवाय देऊ नका, मोठ्या जातींच्या पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही आणि हाडं वाकडी वाढतात.

किटनला घरचं देणं यापेक्षा खूप अवघड. नुसतं बोनलेस चिकन देत राहिलात तर कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही, हाडं इतकी ठिसूळ होतात की साध्या उडीने मोडतात. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा अधूनमधून चिकन दिलंत तर ते पाणीही द्या, बिनमिठाचं. सुकट-बोंबील खारट, ते रोजचं जेवण नाही. कांदा-लसणाची फोडणी दोघांनाही वर्ज्य, मांजराला तर जास्तच बाधते, आणि पपीपासून मनुका, द्राक्षं, चॉकलेट लांब ठेवा.

घर शाकाहारी असेल तर? कुत्र्याचं व्हेटच्या मदतीने काळजीपूर्वक जमवता येतं, वाढीच्या वयात ते कठीणच असतं पण जमतं. मांजराचं नाही. मांसाचं पाकीटबंद फूडसुद्धा घरात चालणार नसेल तर किटन आणू नका, पपीवर थांबा, हे त्या जिवासाठी कळकळीने सांगतेय.

ड्राय की वेट? पपीला ड्राय पुरतं, सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून द्या. किटनला दोन्ही द्या, कारण मांजरं मुळात पाणी कमी पितात आणि ड्रायमध्ये पाणी जेमतेम १० टक्के, वेटमध्ये ७५ ते ८०. बोक्यांना पुढे लघवी अडकण्याचा त्रास होतो म्हणून ही सवय लहानपणीच लागलेली बरी. आपल्या हवेत वेट फूड तासाभरात उचला, मुंग्यांसाठी बाऊल पाण्याच्या ताटलीत ठेवा, आणि पावसाळ्यात ड्राय सादळतं तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवाच.

वेळांचा फरक सगळ्यात जास्त डोकं खातो. पपीला तीन महिन्यांपर्यंत चारदा, सहापर्यंत तीनदा, मग दोनदा, आणि समोर येईल ते फस्त. किटनला मात्र दिवसभर थोडं थोडं टिपायला आवडतं, एकटं असतं तर बाउल भरून ठेवला असता, पण पपी असलेल्या घरात तो बाऊल दोन मिनिटंही टिकत नाही. उंचावर ठेवा असं सगळे सांगतात, पण दोन महिन्यांच्या किटनला तिथे चढता येत नाही आणि सहा महिन्यांचा लॅब ओट्यावर पंजे टेकवतो. फक्त किटनची मायक्रोचिप ओळखून उघडणारे बाऊल छान पण महाग. वन बीएचकेतही जमणारा उपाय म्हणजे दार: किटनचं जेवण बेडरूममध्ये, दार लावून वीसेक मिनिटं, तेवढ्यात पपीचं बाहेर, मग दोन्ही बाऊल उचलायचे. किटन चार-पाच महिन्यांचं झालं की थोडं ड्राय खिडकीत किंवा कपाटावर ठेवा. किटनचा शी-शूचा लिटर बॉक्सही पपीच्या तोंडाला लागणार नाही असाच ठेवा, कारण कुत्री त्यातली शी आवडीने खातात आणि जंत तिथूनही येतात.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस जिथून आणलं तिथलंच फूड दोघांना द्या, मग सात ते दहा दिवसांत हळूहळू नवीन मिसळत जा. पपी एखादं जेवण सोडून खेळत असेल तर थांबून बघता येतं, अगदी छोट्या जातीचं असेल तर नाही, त्यांची साखर पटकन उतरते. किटनने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, त्याच दिवशी व्हेटकडे न्या.