क्रॉन: आठ महिने वापरल्यानंतर

रात्रीचा बॅकअप, जुन्या लॉगची साफसफाई आणि दर दहा मिनिटांनी होणारं सिंक ही तीन कामं आठ महिने क्रॉनवर, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामवर आहेत. वेळेबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती मुकेपणाची. कामाचं जे काही आउटपुट येईल, एररसकट, ते क्रॉन मेलने पाठवायला बघतो, पण मशीनवर मेलची सोय नसेल तर सगळं हवेत विरतं. म्हणून क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) प्रत्येक ओळीच्या शेवटी >> करून लॉग फाइल आणि पुढे २>&१ हवंच. एरर त्या २>&१ मुळेच फाइलमध्ये उतरतात.

ओळीच्या सुरुवातीचे पाच रकाने पाठ व्हायला वेळ लागत नाही: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. रकान्यात * म्हणजे ‘प्रत्येक’. गफलती मात्र ठरलेल्या आहेत. रात्री दोनला म्हणून ‘* २ * * *’ लिहिलं की काम दोन ते दोन एकोणसाठपर्यंत साठ वेळा चालतं. हवं असतं ‘० २ * * *’. ‘*/४५’ म्हणजे दर पंचेचाळीस मिनिटांनी नव्हे. ते ० आणि ४५ व्या मिनिटाला चालतं, मग पंधरा मिनिटांतच पुन्हा. साठला पूर्ण भाग जाणारा आकडा घ्यावा, नाहीतर ही ओढाताण कायमची.

सगळ्यात फसवी जोडी तारीख आणि वाराची. ‘० ९ १३ * ५’ वाचून तेरा तारखेचा शुक्रवार डोळ्यांसमोर येतो. क्रॉन मात्र दर तेरा तारखेला चालवतो आणि शिवाय दर शुक्रवारी. दोन्ही रकाने भरले की ‘आणि’ नाही, ‘किंवा’ लागतो. दोन्ही अटी हव्या असतील तर वाराची तपासणी स्क्रिप्टमध्येच करावी.

‘टर्मिनलमध्ये चालतं, क्रॉनमध्ये नाही’ या रडगाण्याचं कारण बहुतेकदा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी. क्रॉनला तुमच्या शेलची सेटिंग्ज ठाऊक नसतात, त्यामुळे कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा. दुसरं कारण टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबमध्ये ते नवी ओळ ठरतं, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालणारी ओळ अर्ध्यावर तुटते. त्याच्या आधी \ द्या, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा. दुसरा उपाय बरा.

सिंक एखाद दिवशी दहा मिनिटांच्या वर रेंगाळलं तर क्रॉन बिनदिक्कत दुसरं सुरू करतो. एका वेळी एकालाच चालू देणारी ‘फ्लॉक -एन’ ही कमांड लावल्यावर हा घोळ मिटला: आधीचं चालू असेल तर नवं गुपचूप माघारी जातं.

मशीन बंद असताना हुकलेलं काम क्रॉन नंतर करत नाही. लॅपटॉपसाठी ते नंतर उरकणारा ॲनाक्रॉन किंवा ‘पर्सिस्टंट’ लावलेला सिस्टमडी टायमर घ्यावा. सतत चालू सर्व्हरवर त्याची गरज पडली नाही.

आणि यादी बदलायला ‘क्रॉनटॅब -ई’ लिहिताना बोट जपा. कीबोर्डवर शेजारचंच ‘-आर’ एकही प्रश्न न विचारता सगळ्या ओळी पुसतं. यादी दाखवणाऱ्या ‘क्रॉनटॅब -एल’चं आउटपुट रोज फाइलमध्ये टाकणारी ओळ क्रॉनमध्येच ठेवली आहे. यादी पुसली गेली तर ही ओळही जाते, त्यामुळे रिकामी यादी शेवटच्या प्रतीवर बसत नाही.