पिस्तूल-मुठीचे बॉल हेड की साधे?
बॉल हेड म्हणजे ट्रायपॉड आणि कॅमेरा यांमधला, गोळ्यावर हवा तसा वळणारा भाग. साध्या बॉल हेडमध्ये एका हाताने गुंडी सैल करून दुसऱ्या हाताने कॅमेरा सावरावा लागतो. पिस्तूल-मुठीच्या हेडमध्ये मात्र खटका दाबताच गोळा मोकळा होतो आणि सोडताच आवळला जातो, त्यामुळे सारख्या फांद्या बदलणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा एकाच हाताने फिरवता येतो. मॅनफ्रोटो कंपनीच्या ३२२ आरसी२ या पिस्तूल-मुठीच्या हेडची मूठ आडवीही बसवता येते, आणि ती तशीच बसवावी, कारण उभ्या मुठीमुळे कॅमेरा ट्रायपॉडच्या बराच वर जातो व सगळा डोलारा वाऱ्यात थरथरतो. जड टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स असेल, तर खटका सोडल्यावर कॅमेऱ्यात दिसणारी चौकट बऱ्याचदा किंचित खाली सरकते. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून केलेल्या, छायाचित्रणात तेवढेही खपत नाही. अशा कामांसाठी, आणि क्षितिज न ढळता कॅमेरा नुसता आडवा फिरवायचा असेल तेव्हाही, पॅनची, म्हणजे या आडव्या फिरवण्याची, स्वतंत्र गुंडी असलेले साधे हेडच (जे पिशवीतही कमी जागा अडवते) मी निवडेन.