भगंदर: चिरायचा, दोरा घालायचा की लेझर?

लेझरची जाहिरात 'टाके नाहीत, जखम नाही' एवढंच सांगते. भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली, पू वाहणारी नळी. खरा निकाल दोन गोष्टींवर लागतो: नळी गुदद्वाराच्या किती स्नायूतून गेली आहे आणि तिचं आतलं तोंड सापडलंय का. म्हणून गुंतागुंतीच्या किंवा उलटलेल्या भगंदरात पहिला खर्च एमआरआयवर करावा. बाजूचे फाटे, साचलेला पू त्यातच दिसतात.

नळी खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर फिस्टुलॉटॉमीला तोड नाही. नळी उभी चिरून उघडी ठेवतात, जखम तळापासून भरते, दहातले नऊ रुग्ण बरे होतात. बाहेरच्या स्नायूचा तिसरा हिस्सा कापावा लागणार असेल, तर मात्र नको; पुढे वायू आणि पातळ शौच आवरत नाही. बायकांमध्ये पुढच्या बाजूला स्नायू मुळातच तोकडा, तिथे आणखी जपावं.

क्षारसूत्र, म्हणजे नळीत घालायचा औषधी लेपाचा दोरा, संथ, पण भरवशाचं. लिननच्या दोऱ्यावर 21 लेप: निवडुंगाच्या चिकाचे 11, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे 7, चीक आणि हळदीचे 3. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घेतात. नळी आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर कापली जाते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 1991 च्या चाचणीत भगंदर उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, शस्त्रक्रियेत 11 टक्के निघालं. जखम भरायला मात्र 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेत 4. बदलीच्या तारखा चुकवल्या की दोरा सैल पडतो आणि कापणं थांबतं. 'स्नायूला धक्काच लागत नाही' हा दावाही खोटा; दोराही स्नायू कापतोच, फक्त हळूहळू, मागून भरत येईल अशा बेताने.

लेझरमध्ये 1470 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडणारी तार नळीत घालून सावकाश मागे ओढतात. स्नायू वाचतो, कामावर लवकर जाता येतं. पण भाजणं दोन-तीन मिलिमीटरच खोल जातं. नळी रुंद असली, फाटा राहिला किंवा आतलं तोंड बंद केलं नाही, तर काही महिन्यांत पुन्हा पू. तीनातल्या एकाच्या आसपास रुग्णांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. पॅकेज ठरवताना हे विचारून घ्यावं.

स्नायूतून उंच गेलेल्या नळीसाठी 'लिफ्ट' ही शस्त्रक्रिया बरी: गुदद्वाराच्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मधून शिरून नळी बांधून तोडतात. आधी पू पूर्ण निचरलेला हवा, त्यासाठी कधी काही आठवडे सैल दोरा ठेवतात.

भगंदर वारंवार उलटत असेल तर काढलेला तुकडा क्षयरोगाच्या तपासणीला पाठवायला सांगा.