जुलैचा तक्ता, डिसेंबरचा पुरावा

माझे 650 डॉलर गेले, त्याचं दुःख कधीच सरलं. पण माझ्या शब्दावर विसंबून डॅलसमधल्या एका मुलाचे 4300 डॉलर गेले, ते रोज आठवतं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि कुठला संघ कितवा येणार याचे ‘खात्रीचे’ तक्ते विकून फसवणाऱ्यांचा धंदा त्याआधी, उन्हाळ्यातच. म्हणून आत्ताच लिहितोय.

मी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून मास्टर्स केलं आणि नोकरीला जवळच चँडलरला लागलो. टेंपीला, विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एकदा शनिवारची संध्याकाळ घालवली आणि हा खेळ अंगात भिनला. 2024 मध्ये आमचा संघ बिग 12 कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटात आला; नावात 12 असले तरी संघ 16. त्या जुलैत पत्रकारांनी मतदान करून मोसमाचा अंदाज मांडला, त्यात 16 संघांत आम्ही सोळावे होतो. आदल्या वर्षी 3 सामने जिंकून 9 हरलो होतो, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पहिला नंबर यूटाला दिला होता. डिसेंबरात आम्ही आयोवा स्टेटला 45-19 हरवून अजिंक्य ठरलो आणि यूटा 12 पैकी 7 सामने हरून बसलं.

फसवणाऱ्यांनी गळाला लावलं ते हेच.

2025 च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर एका माणसाने स्क्रीनशॉट पाठवला. तारीख जुलै 2024, शीर्षक बिग 12, आणि पहिल्या क्रमांकावर ॲरिझोना स्टेट. सगळ्यांनी शेवटी ढकललेल्या माझ्या संघाला कुणीतरी आधीच पहिलं म्हटलं होतं! मला इतकं भरून आलं की हे चित्र निकालानंतर बनवलेलं असू शकतं, हा विचार मनाला शिवलाच नाही. त्या वर्षी बिग 12 ने मोसमापूर्वीचं मतदानच बंद केलं होतं. त्याचाही त्या माणसाने उपयोग करून घेतला. म्हणाला, "त्यांना जमत नाही म्हणून त्यांनी सोडलं, आम्हाला जमतं." 2025 च्या मोसमात सोळा संघ कुठल्या क्रमाने येणार, त्या तक्त्याचे 150 डॉलर घेतले (त्यातही आम्हीच पहिले), आणि त्या क्रमवारीवर पैसे लावायचे म्हणून वर 500. अट एकच : तक्ता कुणालाही दाखवायचा नाही, बाहेर फुटला तर भाव पडतात. फोटोही एकदा उघडला की नाहीसा होणारा. मी सवयीने सोळाही नावं डायरीत उतरवून ठेवली, एवढंच काय ते शहाणपण.

डॅलसचा मुलगा मला धाकट्या भावासारखा. तो लबकला, टेक्सास टेकमध्ये शिकलेला. त्याला तो नंबर मीच दिला. "दादा, तुम्ही घेतलंय ना? मग बघायला नको," म्हणाला. ते वाक्य अजून कानात आहे.

18 ऑक्टोबरला आम्ही टेक्सास टेकला 26-22 हरवलं तेव्हा वाटलं, तक्ता खरा होतोय. पुढे गाडी घसरली आणि आमचे नियमित मोसमातले सामने 8 विजय, 4 पराभवांवर संपले. 6 डिसेंबरला अंतिम सामन्यात टेक्सास टेकने बीवाययूला (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघाला) 34-7 हरवलं. अंदाज चुकला, खेळात चालायचंच, असं म्हणून मी पैशांवर पाणी सोडलं आणि लाजेपोटी कुणाला बोललो नाही. त्याला तरी सांगायला हवं होतं.

कारण त्याच्या तक्त्यात पहिलं नाव टेक्सास टेकचं होतं.

त्याचं भाकीत खरं ठरलं होतं. एका वेबपेजवर त्याच्या नावावर 9000 डॉलर जमा दिसत होते. ते काढायला आधी कर, मग खात्याची पडताळणी, मग आणखी कसलीशी फी. खरं तर जिंकलेल्या रकमेवरचा कर त्या रकमेतूनच कापला जातो किंवा विवरणपत्रात आपण भरतो, विकणाऱ्याच्या हाती आगाऊ कधीच द्यायचा नसतो. टेक्सासमध्ये खेळांवर पैज लावणं कायद्यात बसत नाही, म्हणून "आमची ॲरिझोनातली माणसं तुमच्या वतीने लावतील" असं त्याला सांगितलेलं. त्यामुळे तक्रार करायचीही त्याला भीती.

संक्रांतीला त्याचा फोन आला. "दादा, तुमचे निघाले का हो पैसे?" माझ्या पोटात गोळा आला. मी डायरी काढली. त्याच्या बायकोने कौतुकाने तिच्या फोनवर तक्त्याचा फोटो काढून ठेवला होता. एकेक नाव वाचत गेलो. माझ्याकडे टेक्सास टेक सहावं, त्याच्याकडे ॲरिझोना स्टेट सहावं. बाकीची चौदा नावं जशीच्या तशी.

या कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ आपसातले 9 सामने खेळतो, म्हणजे 6 संघांशी त्याची गाठच पडत नाही. 2024 मध्ये तर चार संघ 7 विजय, 2 पराभवांवर बरोबरीत होते आणि अंतिम सामन्याचे दोघे नियमांवर बोट ठेवून निवडावे लागले. सोळा नावं 20 लाख कोटींहून अधिक प्रकारे लावता येतात. त्यातला नेमका क्रम कोण सांगणार? पण त्या माणसाला फुटबॉल कळायची गरजच नव्हती. कोण कुठे शिकला, एवढं आमच्या प्रोफाइलवर लिहिलेलं होतं. ज्याला त्याला त्याच्या कॉलेजचा तक्ता द्यायचा. डिसेंबरात कुणा एकाचा खरा ठरणारच, आणि मग त्यालाच पिळायचं.

पत्रकारांचे अंदाजही चुकतात, पण ते फुकट असतात, मोसमाआधी छापले जातात आणि चुकले तरी पुसले जात नाहीत. कुणी जुन्या भाकिताचा स्क्रीनशॉट दाखवला तर त्याची यंदाची यादी जुलैतच मागा, स्वतःजवळ ठेवा, आणि दुसऱ्या कॉलेजच्या मित्राला दाखवा. दाखवू नका म्हणाला तर तिथेच थांबा.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. व्हिडिओ कॉलवर सोबत बसून एफबीआयच्या आयसी3 या, इंटरनेटवरच्या गुन्ह्यांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाकडे ऑनलाइन तक्रार केली. व्हिसाच्या काळजीने डॅलसचा मुलगा दोनदा उठून गेला, तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने फॉर्म पूर्ण केला. अजून काही परत आलेलं नाही. मी दर महिन्याला त्याला 200 डॉलर पाठवतो. "दादा, नको," म्हणतो. मी पाठवतोच.