५६०० की ७६००? सोलापुरात गेमिंग पीसी जोडणाऱ्यांसाठी

मधल्या बजेटमध्ये गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की गाडी हल्ली एकाच जागी अडते, एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेऊन एएम४ या जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) राहायचं का रायझन ५ ७६०० घेऊन एएम५ या नव्या सॉकेटवर जायचं. इंटेलवाले रागावू नका, १२४००एफ (एफ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला) चांगलाच प्रोसेसर आहे, पण तो १७०० वाला सॉकेट १४व्या पिढीबरोबर संपला आणि त्यांचे नवे कोअर अल्ट्रा १८५१ सॉकेटवर गेले, म्हणून मी तिकडं फार वेळ काढला नाही. कोअर किती न क्लॉक किती हे तुम्हाला पाठ असणार. भाव पण लिहीत नाही, रॅमचे रेट ज्या पद्धतीनं उड्या मारतात त्यात आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरतो. मी ७६०० घेतला हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझा कल कुठं आहे ते तुम्हाला माहिती असेल.

तर आधी ५६०० ची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. एएम४ हा २०१६ पासूनचा सॉकेट, त्यातल्या सगळ्या खोड्या आता लोकांना माहिती झाल्यात, कुठल्याही दुकानातला पोरगा डोळे झाकून जोडून देतो. घरी डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम पडून असेल तर तीच लागते, ३२०० स्पीडची असली तरी बास. मदरबोर्ड मात्र बी५५० च घ्या. दुकानात ए५२० दाखवतात, "फरक पडत नाही ओ" म्हणतात, पण पडतो. ए५२० आणि बी४५० मध्ये ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ३.० (कार्डाला जोडणारा रस्ता, बी५५० वरच्या ४.० च्या निम्म्या स्पीडचा) मिळतं, आणि आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० ही कार्डं मुळातच १६ ऐवजी ८ लेनची आहेत, मग कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की ते सिस्टिमच्या रॅमकडं हात पसरतं आणि तिथं निम्म्या स्पीडचा रस्ता असतो. ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतात पण मधेमधे जो झटका बसतो ना तो डोक्यात जातो.

आणि ५६०० घेऊन जे पैसे वाचतात ते सरळ कार्डात टाकता येतात. फक्त फ्रेम बघायच्या असतील तर ५६०० आणि एक पायरी वरचं कार्ड हे ७६०० आणि एक पायरी खालच्या कार्डापेक्षा बहुतेक गेममध्ये पुढंच राहील, यात वाद नाही.

७६०० कडं आलं की आधी खर्च वाढतो, कारण एएम५ ला डीडीआर५ शिवाय दुसरं काही चालतच नाही. जुनी रॅम बसत पण नाही, खाच वेगळ्या जागी आहे, उगाच दाबून बघू नका. दोन काड्यांचा किट घ्या, ६००० स्पीडचा सीएल३० (सीएल म्हणजे रॅमचा उशीर, कमी तेवढा बरा) मिळाला तर उत्तम, आणि सॉकेटपासून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवायची सेटिंग, चालू करा. "आत्ता दोन घेतो, नंतर अजून दोन टाकू" हा विचार डीडीआर४ च्या काळात चालून जायचा, इथं चार काड्या लावल्या की स्पीड खाली येतो, एएमडी स्वतः चार काड्यांना ३६०० च्या आसपासचाच आकडा देते. म्हणून पहिल्यांदाच १६ जीबीच्या दोन घेऊन मोकळं व्हा.

कूलरची एक गोम आहे. एएम५ च्या बोर्डाची मागची प्लेट काढता येत नाही, सॉकेट तिलाच धरून असतो, त्यामुळं एएम४ चे जे कूलर बोर्डाचीच प्लेट वापरतात ते बसतात आणि जे स्वतःची प्लेट घेऊन येतात ते बसत नाहीत. आणि टॉवर कूलर घेणार असाल तर कॅबिनेटच्या माहितीत कूलरची उंची किती चालते ते बघा, १५५ एमएमचा कूलर न १५० एमएमचं कॅबिनेट अशी जोडी जमली की काच बंद होत नाही.

एएम५ चा वैताग पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा चालू केला की स्क्रीन काळी, काही मिनिटं काहीच होत नाही. ते रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. माहिती नसेल तर माणूस घाबरून बटण दाबतो आणि परत पहिल्यापासून. नंतर पण बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवायची सेटिंग) बंद असलं तर दर वेळी चालू व्हायला एएम४ पेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणजे ते काळं तोंड बघत बसायचं. यूपीएस घ्याच, दोन्हीपैकी काही घेतलं तरी.

इथपर्यंत तराजू ५६०० कडं झुकलेला दिसतोय ना. मला पण तसंच वाटत होतं.

आता माझं कारण. माझ्या आधीच्या मशीनमधल्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नव्हतं. एक दिवस कार्ड गेलं, वॉरंटीत होतं, कंपनीचं नाव घेत नाही, पण सोलापुरात त्यांचं सर्व्हिस सेंटर नाही. दुकानदारानं कार्ड पुण्याला पाठवलं, तिथून ते अजून कुठं पुढं गेलं, मग आठवड्यामागून आठवडे "आज येईल, उद्या येईल". आणि तेवढे सगळे दिवस तो एवढ्या पैशांचा कॉम्प्युटर टेबलावर नुसता बसून. गेम नाही तर नाही, पण साधा ईमेल नाही, बहिणीला परीक्षेचा फॉर्म भरायला कॅफेत जावं लागलं, वडलांच्या जीएसटीच्या फायली त्याच एसएसडीत अडकल्या. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, सगळं जिवंत आहे पण स्क्रीनवर चित्र काढायला कुणी नाही. रिकाम्या हंड्यासारखा, नुसता वाजतो. पंखा फिरतो, लाईट लागते, बास.

पुण्या-मुंबईच्या लोकांना हा मुद्दा कळत नाही, ते गाडीवर बसून सर्व्हिस सेंटरला जाऊन येतात. आपल्याला एक तर वंदे भारत नाहीतर कुरिअर. नवीन माल आणायला आपण काही मागं नाही म्हणा, कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतं, कुणाचे पाहुणे हैदराबादला असतात ते सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून स्वस्तात घेऊन येतात. पण तिकडून आणलेलं बिघडलं की परत तिकडंच पाठवायचं, आणि पाहुणे काय दर महिन्याला येत नाहीत.

५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, ७६०० मध्ये छोटं का होईना आहे. अगदी छोटं, दोनच युनिटचं, त्याच्यावर नवीन गेम खेळायची स्वप्नं बघू नका. पण बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावली की विंडोज चालतं, यूट्यूब चालतं, ऑफिसचं काम होतं, व्हॅलोरंट सगळं लो करून रडतखडत का होईना खेळता येतो. शिवाय डिस्प्ले आला नाही की कार्ड गेलंय का दुसरं काही हे दोन मिनिटांत घरीच कळतं, कार्ड काढायचं न केबल बोर्डाला लावून बघायची. ५६०० वर हे शोधायला दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड मागून आणावं लागतं, आणि चालू मशीनमधलं कार्ड काढून कोण देतो बे.

यावर मित्रांची उत्तरं ठरलेली. एक म्हणतो ५६००जी घे की, त्यात ग्राफिक्स आहे. आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२, आणि कार्डाला परत पीसीआयई ३.० च, म्हणजे बी५५० घेऊन काय मिळवलं? दुसरा म्हणतो सेकंडहँड जीटी ७१० (जुनं साधं कार्ड) घेऊन कपाटात टाक. हे उत्तर बरोबर आहे, मानतो, बजेट फारच टाईट असेल तर ५६०० आणि कपाटातलं ७१० हा शहाणपणाचा सौदा आहे. मला ते कपाटातलं कार्ड ऐनवेळी सापडेल याची खात्री नव्हती, हा माझा स्वभाव झाला. तिसरा म्हणतो एफ नसलेला १२४०० घे. तो घेतला तर एफमुळं वाचणारे पैसे जातात, मग ७६०० काही लांब राहत नाही.

गरमीचं विचाराल तर दोन्ही ६५ वॉटचे, दोघांच्या खोक्यात कूलर येतो. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळीशी ओलांडतो, पत्र्याखालची खोली असेल तर विचारूच नका, तेव्हा खोक्यातला कूलर दोघांनाही पुरतो पण बोंबलतो. ७६०० जास्त तापलेला दिसेल, ९५ डिग्रीपर्यंत जायची त्याला कंपनीनंच परवानगी दिलीय, पण दिसायला बरं वाटत नाही हे खरं. मी टॉवर कूलर लावला आणि आकडा बघायचा सोडला.

पुढचा विचार करायचा तर एएम४ वर वर चढायला ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी (जास्त कॅशवाले, गेमिंगचे प्रोसेसर), नवीन मिळाला तर. एएम५ वर आत्ताच ९८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरपर्यंत रस्ता आहे आणि एएमडीनं हा सॉकेट २०२७ आणि पुढं चालवायचं सांगितलंय. माझ्यासाठी हे दुय्यम होतं, तुमच्यासाठी कदाचित हेच मुख्य असेल.

घ्यायला जाल तेव्हा बिलावर ७६०० लिहिलंय ना बघा, कारण ७५००एफ त्याच्याच शेजारी ठेवलेला असतो, स्वस्त असतो, खेळायला जवळपास तेवढाच चालतो आणि त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे माझा सगळा मुद्दाच गेला. ७६०० ऐवजी नवा रायझन ९००० वाला घेणार असाल तर बी६५० च्या बोर्डाला मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का विचारा, जुना बायोस निघाला तर पेनड्राईव्हवरून नवा टाकून काम होतं. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली की ते लावूनच पाठवायचं. आणि कार्डाचा खोका माळ्यावर टाकून ठेवा.