विमानप्रवासासाठी स्नोबोर्ड: चाकांची पॅडेड बॅग की हार्ड केस?

पातळ कापडी कव्हर आधीच बाजूला ठेवा. गाडीतून नेताना ते पुरतं, विमानात नाही. सामान हाताळताना बॅग उभी आपटते, तेव्हा बोर्डाच्या दोन्ही टोकांना मार बसतो आणि स्टीलच्या कडा कापड फाडतात.

पॅडेड बॅग रिकामी साधारण ३-४ किलोंची, हार्ड केस त्याहून जड. बोर्ड आणि बायंडिंग (बूट बोर्डाला जखडणारी पट्ट्यांची जोडी) मिळून ५ किलोंच्या आसपास, बूट आणखी २ ते अडीच. २३ किलोंच्या मर्यादेत केसचं जास्तीचं वजन थेट कपड्यांच्या वाट्याचं जातं. केसची घडी होत नाही, टॅक्सीत आणि खोलीत अडचणच. दोन बोर्ड असतील किंवा वाटेत विमानं बदलायची असतील तर मात्र केस उजवी. पण आत बोर्ड हलत राहिला तर बाहेरचं कवच कितीही टणक असून उपयोग नाही. बहुतेकांनी पॅडेड बॅगच घ्यावी, बोर्डापेक्षा ५-१० सें.मी. लांब. त्याहून लांब बॅगेत बोर्ड पुढेमागे सरकतो. दोन्ही टोकांना जाकीट गुंडाळा, कडांवर टॉवेल.

बायंडिंग काढूनच ठेवा. बसवलेली राहिली तर त्यांवर पडलेला भार स्क्रूच्या जागेवर येतो आणि हायबॅक (टाचेमागचा उभा आधार) मोडू शकतो. काढण्याआधी कोन आणि भोकं दिसतील असा फोटो घ्या. चकत्या आणि स्क्रू (बहुतेक बायंडिंगना प्रत्येकी चार) एका पिशवीत घालून ती बायंडिंगच्या स्ट्रॅपला बांधा. स्क्रूड्रायव्हर चेक-इन सामानात. केस खोल असेल तर हायबॅक दुमडून बायंडिंग तशीच राहू दिली तरी चालेल.

बूट शक्यतो केबिनमध्येच न्या. बॅग उशिरा आली तर बोर्ड भाड्याने मिळतो, पायाला बसलेला बूट मिळत नाही. गरम हातमोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच, टोकांवर टेप लावून. हिमस्खलनासाठीच्या एअरबॅगमध्ये गॅस सिलिंडर असेल तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्या.

तिकीट काढतानाच मापाचं विचारा: लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सें.मी. ही नेहमीची मर्यादा बोर्डाची नुसती लांबीच जवळपास संपवते. बऱ्याच कंपन्या खेळाच्या सामानाला सूट देतात, सगळ्या नाही.

परतताना कडा कोरड्या पुसा. ओल्या बॅगेत रात्रभरात गंज धरतो.